पहिलं वॉटर कूलिंग घ्यायचंय, जळगावचा उन्हाळा धरून सल्ला हवा

गिरणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जळगावात राहतो आणि घरूनच आर्किटेक्ट लोकांना थ्रीडी व्ह्यू, वॉकथ्रू करून देतो. रेंडरिंग सगळं सीपीयूवर चालतं, त्यामुळे मशीन एकदा कामाला लागलं की तासन्‌तास पूर्ण लोडवर असतं. मोठं काम असेल तर रात्रभर.

मशीन असं: रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, आरटीएक्स ४०७० सुपर ग्राफिक्स कार्ड. केस मिड टॉवर, समोर जाळी. वर आणि समोर दोन्हीकडे ३६० मिमीचा रेडिएटर बसतो असं मॅन्युअल सांगतं. सीपीयूवर सध्या एका पंख्याचा साधा टॉवर कूलर आहे. रेंडर सुरू केला की मिनिटभरात ९५ अंश, आणि मग काम संपेपर्यंत आकडा तिथून हलत नाही. पंखा पूर्ण वेगात ओरडत असतो, शेजारच्या खोलीत झोपलेल्या आईलाही ऐकू जातो.

खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. एसी नाही, खिडकीत डेझर्ट कूलर आहे. मे महिन्यात बाहेर ४३-४४ असतं तेव्हा कूलर चालू ठेवूनही खोलीत दुपारी ३६ ते ३८ असतं.

कस्टम लूपचे, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडलेल्या वॉटर कूलिंगचे, काचेसारख्या कडक नळ्यांचे व्हिडिओ बघून मन तिकडे ओढ घेतंय. बजेट २०-२५ हजार, अगदीच गरज असेल तर थोडं ताणीन. एआयओ (ऑल-इन-वन, तयार जोडलेला वॉटर कूलर) घ्यावा की पहिल्यापासून कस्टमच करावं? २४० मिमीचा रेडिएटर पुरेल का? आणि मुख्य म्हणजे आमच्याकडच्या उन्हाळ्यात हे टिकतं का? पाणी गळलं तर माझी रोजीरोटीच बंद पडेल, म्हणून घाई न करता विचारतोय.

उष्मागतिकी

गिरणाकाठ, खरेदीला निघण्याआधी दोन आकडे कागदावर लिहा. किती वॅट उष्णता बाहेर काढायची आहे, आणि ती ज्या हवेत सोडायची आहे तिचं तापमान किती. ब्रँड, रंग, दिवे हे सगळं त्यानंतर.

७९५०एक्सचा टीडीपी (कंपनीने दिलेला उष्णतेचा आकडा) १७० वॅट लिहिलेला असतो, पण एएम५ सॉकेटवर (मदरबोर्डवरची प्रोसेसरची जागा) त्याला प्रत्यक्षात २३० वॅटपर्यंत वीज घ्यायची मुभा आहे. ही सगळी उष्णता मुख्यतः दोन चिपलेटमधून निघते आणि एकेक चिपलेट करंगळीच्या नखाएवढं, सत्तर चौरस मिलिमीटरच्या आसपास. त्यावर धातूचं जाड झाकण. आधीच्या एएम४ सॉकेटचे कूलर एएम५ वरही बसावेत म्हणून एएमडीने उंची तीच ठेवली आणि झाकण जाड झालं. उष्णतेची खरी अडवणूक इथे होते: चिपपासून झाकणापर्यंत, झाकणातून थर्मल पेस्टपर्यंत, पेस्टमधून कूलरच्या तांब्यापर्यंत. पुढे तुम्ही कितीही मोठा रेडिएटर लावा, या टप्प्यावर त्याचा काही इलाज चालत नाही. म्हणूनच पूर्ण २३० वॅटवर हा प्रोसेसर चांगल्या ३६० एआयओखालीही ९०-९५ ला जातो, तेही २०-२५ अंशांच्या खोलीत. २०२२ मध्ये ७००० मालिका आली तेव्हाच एएमडीने सांगितलं होतं की ९५ ही ठरवून दिलेली मर्यादा आहे. तिथे पोचलं की चिप आपला वेग जुळवून घेते, त्याने ती खराब होत नाही.

आता पाण्याचं. एक लिटर पाणी एका अंशाने तापायला ४.१८ किलोज्यूल लागतात. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल तर दर अंशामागे ते ७० वॅट उचलून नेतं. म्हणजे २३० वॅट असले तरी ब्लॉकमध्ये (प्रोसेसरवर बसणाऱ्या तांब्याच्या भागात) शिरणारं आणि बाहेर पडणारं पाणी यांत जेमतेम तीन-साडेतीन अंशांचा फरक. उष्णता वाहून नेण्यात पाणी कुठेच कमी पडत नाही. पण शेवटी रेडिएटरमध्ये ते तुमच्या खोलीतल्या हवेनेच गार व्हायचंय. खोली ३८ असेल तर पाणी ३८ च्या खाली जाणं शक्यच नाही. पूर्ण लोडला चांगल्या ३६० मध्ये ते खोलीपेक्षा १०-१५ अंश वर राहील, म्हणजे तुमच्याकडे मे महिन्यात ५० च्या आसपास. बहुतेक एआयओंसाठी कूलंटची वरची मर्यादा ६० अंश धरली जाते. २४० घेतला तर तुम्ही या मर्यादेच्या फार जवळ जाल. घ्यायचाच तर ३६०.

पण काहीही मागवण्याआधी एक काम फुकटात होण्यासारखं आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) प्रोसेसरची वीज आवरणारा इको मोड असतो, त्यातला १०५ वॅटचा पर्याय लावा. प्रत्यक्षात प्रोसेसर मग १४२ वॅटपर्यंत जाईल. नेहमीचा एखादा सीन रेंडर करून वेळ आणि तापमान दोन्ही लिहून ठेवा, आणि इथे सांगा.

पिक्सेलताई

उष्मागतिकी यांना +१. मी नागपूरची, माझ्याकडे हाच प्रोसेसर आहे आणि ३६० एआयओ आहे. आधी मीसुद्धा ९५ चा आकडा बघून घाबरायचे. आता उन्हाळ्यात इको मोड १०५ आणि थंडीत नेहमीची सेटिंग, असं ठेवते. पूर्ण सोळा कोर वापरणाऱ्या कामात पाच-सहा टक्के वेळ जास्त लागतो, तेवढाच. ६५ वॅटचा इको मोड मात्र रेंडरिंगसाठी घेऊ नका. तिथे प्रोसेसर ८८ वॅटवर अडतो आणि वेळ चांगलाच वाढतो.

दुसरं, कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे कोरचं व्होल्टेज कमी करणारी बायोसमधली सेटिंग. सगळ्या कोरना उणे १५ ते उणे २० देऊन बघा. तेवढ्याच वेगाला कमी व्होल्टेज लागतं. प्रत्येक चिप वेगळी असते, म्हणून एकदम मोठा आकडा देऊ नका आणि रात्रभराच्या कामाला लावण्याआधी रिकाम्या वेळेत तपासून घ्या. नीट न तपासलेल्या सेटिंगवर पहाटे चार वाजता रेंडर बंद पडणं हे ९५ अंशांपेक्षा वाईट.

लॅमिंग्टनकर

मशीन जोडणं हाच माझा धंदा, त्यामुळे दुकानाच्या बाजूने बोलतो.

गिरणाकाठ साहेब, पहिलंच वॉटर कूलिंग आणि मशीन कमावतं आहे, तर एआयओच घ्या. फॅक्टरीत भरून सील केलेला येतो. पाणी भरायचं नाही, बदलायचं नाही. आज बाजारात २४० साधारण सहा ते नऊ हजारांत आणि ३६० नऊ ते चौदा हजारांत मिळतो. वरचे पैसे बहुधा दिव्यांचे आणि पंपावरच्या स्क्रीनचे असतात. थंडाव्यात त्याने फरक पडत नाही.

घेण्याआधी केसमध्ये टेप लावून मोजा. मॅन्युअलमध्ये "३६० बसतो" लिहिलेलं असतं, पण ते लांबीचं. जाडी वेगळी बघावी लागते. नेहमीचा रेडिएटर २७ मिमी, त्याला २५ मिमीचा पंखा, झाले ५२. आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझर ३ चा रेडिएटर ३८ मिमीचा, पंख्यासकट ६३. कामाला तो फार चांगला आहे आणि वॉरंटी सहा वर्षांची देतात, पण छताला लावताना मदरबोर्डच्या वरच्या हीटसिंकवर किंवा उंच रॅमवर आदळतो. छतापासून मदरबोर्डच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून ते इथे टाका, मग नाव सांगतो.

लावताना रेडिएटर छताला, पंखे हवा बाहेर फेकतील असे. सील केलेल्या एआयओमध्येही थोडी हवा असतेच, आणि वर्षांगणिक नळ्यांच्या रबरातून थोडं थोडं पाणी बाष्प होऊन जातं, त्यामुळे ती वाढते. ही हवा सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती जागा रेडिएटरची असली पाहिजे. पंप सगळ्यात उंच झाला तर हवा पंपात अडकते, खळखळ आवाज येतो आणि पंप लवकर जातो. रेडिएटर समोर उभा लावायची वेळ आली तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच ठेवा, आणि नळ्या पोचत असतील तर त्या खालच्या बाजूने घ्या.

आणि बिल जीएसटीचं घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. काही कंपन्यांच्या वॉरंटीत गळतीमुळे दुसऱ्या पार्टचं नुकसान झालं तर भरपाईचं कलम असतं, काहींच्यात नसतं. ते वाचूनच पैसे द्या. तुमच्या पोटापाण्याच्या मशीनला हे कलम पाच अंश कमी तापमानापेक्षा मोलाचं आहे.

ब्राउनश्वाइगकर

मी थोडं वेगळं मत मांडतो. गेली काही वर्षं जर्मनीत आहे. आमच्याच शहरात अल्फाकूल कंपनी आहे, त्यामुळे इथे कस्टम लूपचं सामान भाजीपाल्यासारखं मिळतं असं नाही, पण माहितगार माणसं भेटतात. माझं मशीन कस्टम लूपवर आहे आणि मला ते मनापासून आवडतं.

एआयओमध्ये पंप गेला की सगळंच टाकून द्यावं लागतं. कस्टममध्ये पंप वेगळा, ब्लॉक वेगळा, रेडिएटर वेगळा. जे बिघडेल ते बदला. फिटिंगचे आटे सगळीकडे एकाच मापाचे, जी १/४, त्यामुळे एका कंपनीचा ब्लॉक आणि दुसऱ्या कंपनीचा रेडिएटर बिनदिक्कत जोडता येतो. डी५ पंप नीट वापरला तर वर्षानुवर्षं चालतो आणि हळू चालवला की जवळ कान नेल्याशिवाय ऐकू येत नाही. ग्राफिक्स कार्डही त्याच पाण्यात घेता येतं, आणि आधी सीपीयू की आधी जीपीयू याने काही बिघडत नाही, कारण वर उष्मागतिकींनी दाखवलं तसं पाण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरक दोन-चार अंशांचाच.

पण गिरणाकाठ, तुमच्या बजेटात ते बसणार नाही, हे स्पष्ट सांगतो. पंप-रिझर्वायर (पाण्याची टाकी), ब्लॉक, चांगला ३६० तांब्याचा रेडिएटर, पंखे, फिटिंग, नळ्या, कूलंट असं सगळं धरलं तर भारतात फक्त सीपीयूसाठीच चाळीस-पन्नास हजारांच्या पुढे जाल. फिटिंगचा खर्च लोक विसरतात. एकेक फिटिंग स्वस्त वाटते, पण त्या डझनभर लागतात.

आणि जे व्हिडिओ बघून ओढ लागली आहे त्या कडक नळ्यांबद्दल. पीईटीजी प्लास्टिकची नळी ६० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागते. जळगावात पाणी ५० ला असेल आणि एखादा पंखा बंद पडला, तर फिटिंगमधून नळी सरकायला वेळ लागणार नाही. कडक नळीच हवी तर अ‍ॅक्रिलिक. पहिल्या लूपसाठी माझं मत काळी ईपीडीएम रबराची नळी, १०/१६ मिमीची. दिसायला साधी, पण वाकते, निसटत नाही, आणि साध्या पारदर्शक नळीतून प्लास्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन) सुटून ब्लॉकच्या बारीक खाचांत चिकट थर बसतो तो त्रास हिच्यात नाही.

मधला रस्ता हवा असेल तर अल्फाकूलचा आयस्बेअर बघा. तो भरलेला येतो, पण रेडिएटर तांब्याचा, फिटिंग जी १/४, पाणी पुन्हा भरता येतं, पुढे वाढवताही येतो. तुमच्याकडे मिळतो का, ते लॅमिंग्टनकर सांगतील.

लॅमिंग्टनकर

आयस्बेअर आपल्याकडे अधूनमधून येतो, नेहमी स्टॉकमध्ये नसतो. सुटे भाग मागवले तर थांबावं लागतं. जळगावच्या माणसाने काम अडवून थांबायचं का, हा प्रश्न आहे.

रत्नदुर्ग

समुद्राकाठच्या लोकांसाठी एक भर घालतो. एआयओचे रेडिएटर बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे असतात. आमच्याकडे खारी दमट हवा पातळ पत्र्यांना खाते, जसं एसीच्या बाहेरच्या युनिटचं होतं. खिडकीजवळ ठेवलेल्या मशीनच्या रेडिएटरवर पांढरी पूड धरलेली मी बघितली आहे. किनारपट्टीला राहणाऱ्यांनी मशीन खिडकीपासून आत ठेवावं.

आणि कस्टम करणाऱ्यांनी तांब्याचा ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर एका लूपमध्ये कधीही घालू नये. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात आले की अ‍ॅल्युमिनियम झिजू लागतं. एआयओवाले कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं घालून आणि सील करून हे आटोक्यात ठेवतात. घरी भरलेल्या पाण्यात ती हमी नसते.

नवा_गडी

कस्टममध्ये घरचं आरओचं पाणी चालतं का? की बॅटरीत घालतात ते?

ब्राउनश्वाइगकर

आरओचं नको. त्यात क्षार कमी असतात, शून्य नसतात, आणि बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी पुन्हा मिसळलेले असतात. बॅटरीच्या पाण्याच्या बाटलीवर काय लिहिलंय आणि आत काय आहे याची खात्री देता येत नाही. लॅबचं सामान विकणाऱ्याकडून डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि त्यात कूलंट कंपनीचं काँसन्ट्रेट मिसळा. त्यात गंजरोधक आणि शेवाळ न धरण्याचं औषध दोन्ही असतं. रंगीत, चमकी असलेलं कूलंट फोटोसाठी ठीक, पण त्यातला गाळ ब्लॉकमध्ये बसतो. रोजच्या मशीनला पारदर्शकच.

भरताना फक्त पंपाला वीज द्यायची, मदरबोर्ड आणि कार्डचे प्लग काढून ठेवायचे. एसएमपीएसच्या (मशीनला वीज देणाऱ्या डब्याच्या) २४ पिनच्या कनेक्टरमध्ये जंपर लावला की तो मदरबोर्डशिवाय सुरू होतो. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर, आणि काही तास तसंच फिरू द्यायचं. त्याआधी हवेने दाब देऊन तपासायचा छोटा पंप मिळतो. अर्धा बार दाब धरून काटा हलतो का बघायचं. पाणी घालण्याआधीच गळती कळते. माझ्या मते कस्टम करणाऱ्याने पहिली खरेदी याचीच करावी.

जुनाजाणता

थोडं अवांतर. गळतीची भीती नवी नाही. अ‍ॅपलने २००४ मध्ये पॉवर मॅक जी५ चं २.५ गिगाहर्ट्झचं मॉडेल कारखान्यातूनच लिक्विड कूलिंग घालून विकलं होतं, आणि पुढे त्या मशीन गळतात म्हणून प्रसिद्ध झाल्या. १९८५ च्या क्रे-२ या महासंगणकात तर सगळे सर्किट बोर्ड फ्लोरिनर्ट नावाच्या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेले होते. आपल्या पुण्याच्या सीडॅकने राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमध्ये उभारलेल्या परम अनंत या महासंगणकातही द्रव थेट चिपवरच्या पत्र्यापर्यंत नेतात. तो आयआयटी गांधीनगरला २०२२ मध्ये सुरू झाला. म्हणजे गिरणाकाठ जे घरात करू पाहतायत ते तत्त्व तेच आहे. फरक इतकाच की तिथे देखभालीला माणसं नेमलेली असतात.

गिरणाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. सांगितलं तसं करून बघितलं. नेहमीचा एक इंटेरियरचा सीन, खोली ३७ अंश, कूलर तोच जुना. आधीच्या सेटिंगवर ९५ अंशांना चिकटून ५२ मिनिटं. इको मोड १०५ वर तापमान ८४ आणि वेळ ५४ मिनिटं. पंख्याचा आवाजही एक पायरी खाली आला. एवढा कमी फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

मग आता वॉटर कूलिंगची गरजच नाही का? दोन पंख्यांचा मोठा टॉवर कूलर साडेतीन-चार हजारांत मिळतोय.

उष्मागतिकी

फरक कमी आला त्याचं कारण आहे. तुमचा जुना कूलर २३० वॅट काढूच शकत नव्हता, त्यामुळे आधीही प्रोसेसर स्वतःला आवरून बराच खालीच चालत होता. कागदावर २३० ते १४२ अशी उडी दिसते, प्रत्यक्षात तुम्ही मधूनच कुठून तरी खाली आलात. वरचे काही डझन वॅट वेग फारसा वाढवत नाहीत, नुसती उष्णता वाढवतात.

गरजेचं म्हणाल तर १४२ वॅटला थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई किंवा डीपकूल एके६२० सारखा दुहेरी टॉवर पुरतो. त्याच्या तांब्याच्या हीट पाइपमध्येही थोडं पाणीच असतं. ते गरम टोकाला उकळून वाफ होतं, गार टोकाला पुन्हा पाणी होऊन आतल्या सच्छिद्र थरातून परत येतं, पंपाशिवाय. बिघडण्यासारखं त्यात काही नाही, पंखा सोडून. निव्वळ पैशाचा विचार केला तर मी हाच घेतला असता.

पिक्सेलताई

मी इथे असहमत आहे. रेंडर फार्मसारखं रात्रभर चालणारं मशीन आणि शेजारच्या खोलीत आई झोपलेल्या, तिथे आवाज हाही मोजण्याचा आकडा आहे. १४२ वॅटला ३६० चे तीन पंखे मिनिटाला ८००-९०० फेऱ्यांवर निवांत चालतात. टॉवरचे दोन पंखे ३७ अंशांच्या खोलीत तेवढं करायला जास्त वेगाने फिरवावे लागतात.

शिवाय टॉवर कूलर केसच्या मधोमध असतो आणि ग्राफिक्स कार्डने तापवलेली हवाच खेचतो. ४०७० सुपर पूर्ण लोडला २२० वॅट सोडतं. गिरणाकाठ वॉकथ्रूसाठी कार्डही वापरत असतील, तेव्हा हे लागू होतं.

उष्मागतिकी

आवाजाचा मुद्दा मान्य, पिक्सेलताई. आईंची झोप माझ्या हिशोबात नव्हती. कार्डाच्या हवेबद्दल मात्र एक: छताला लावलेला रेडिएटरसुद्धा केसमधलीच तापलेली हवा घेतो. समोर लावला तर त्याला खोलीची ताजी हवा मिळते, पण मग कार्डाला तापलेली मिळते. सीपीयूवरच रेंडर होत असेल आणि कार्ड तेव्हा रिकामं असेल तर छत उत्तम.

आणि सगळ्यांसाठीच एक गोष्ट. कूलर कुठलाही लावा, खोलीत पडणारी उष्णता तेवढीच असते. ४०० वॅट घेणारं मशीन खोलीत ४०० वॅटच सोडणार. इको मोडने ती खरोखर कमी होते, वॉटर कूलिंगने नाही. स्लॅबखालच्या खोलीत हा फरक अंगाला जाणवतो.

गिरणाकाठ (धागाकर्ता)

खोलीचा मुद्दा लक्षातच आला नव्हता, काल रात्री इको मोडवर काम चालू असताना खरंच फरक जाणवला.

ठरलं: ३६० एआयओ, छताला, आणि उन्हाळाभर इको मोड. कस्टमचं मन तूर्त बाजूला ठेवतो. मोजमाप घेतलं, छत ते मदरबोर्डची कड ५८ मिमी. म्हणजे ६३ वाला बसणार नाही, बरोबर? आणि मशीन डेझर्ट कूलरच्या समोर ठेवलं तर चालेल का?

लॅमिंग्टनकर

बरोबर, ३८ मिमीचा रेडिएटर सोडा. २७ मिमीचा घ्या, ५२ आरामात बसेल. तरी नळ्या जिथून निघतात त्या टोकाला केसच्या पुढच्या पंख्याशी जागा उरते का, तेही बघा. तिथे लोक अडकतात. बिनस्क्रीनचा, साधे काळे पंखे असलेला दहा हजारांच्या आत मिळेल. पाच-सहा वर्षांची वॉरंटी असलेलाच घ्या. उरलेल्या पैशात केसला खाली आणि समोर धुता येणाऱ्या जाळ्या लावा.

पिक्सेलताई

डेझर्ट कूलरच्या थेट झोतात नको. हवेतली वाफ पार्टवर पाणी होऊन साठण्याची भीती नाही, कारण मशीनमधला कुठलाच भाग खोलीच्या हवेपेक्षा गार नसतो. पण पॅडवरून बारीक तुषार उडतात, त्यात बोअरचे क्षार असतात, आणि धूळ त्यावर चिकटून रेडिएटरच्या पत्र्यांमध्ये थर होतो. आमच्याकडे मशीन झोताच्या बाजूला, तीन-चार फुटांवर आहे. दमट पण गार हवा तिथे पोचते, तुषार पोचत नाहीत. रेडिएटर साफ करताना पंखे काढून, ज्या बाजूने हवा निघते त्या बाजूने ब्लोअर मारा. पंखे जागेवर ठेवून ब्लोअर मारायचा असेल तर ते हाताने धरून ठेवा, वाऱ्याने वेडेवाकडे फिरून बेअरिंग जातात.

उष्मागतिकी

बसवल्यानंतरच्या सेटिंगबद्दल. पंपाची वायर मदरबोर्डच्या पंप हेडरला (वायर खोचायच्या पिनांना) लावा आणि तो कायम पूर्ण वेगावर किंवा त्याचा आवाज खटकत नाही अशा एकाच वेगावर ठेवा. तापमानाप्रमाणे वर-खाली करू नका. पंखे सीपीयू फॅन हेडरला, नाहीतर काही बोर्ड सुरू होतानाच पंखा सापडत नाही म्हणून थांबतात. पंख्याच्या वक्रात (तापमानाप्रमाणे वेग ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) वेग वाढायला काही सेकंद उशीर ठेवा. सीपीयूचं तापमान क्षणात वीस अंश उडी मारतं, पण पाणी तसं तापत नाही. एआयओमध्ये पाणी थोडंच असलं तरी पाणी आणि धातू मिळून सगळं स्थिर व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. प्रत्येक उडीला पंख्यांनी धावून उपयोग नाही.

तपासणीही त्याच हिशोबाने करा. पाच मिनिटांच्या चाचणीत कुठलाही वॉटर कूलर छान दिसतो. अर्धा-पाऊण तास रेंडर चालवा, खोलीचं तापमान सोबत लिहा, आणि सीपीयूच्या आकड्यातून खोलीचा आकडा वजा करून ठेवा. तो फरक दर उन्हाळ्यात ताडून बघा. दोन-तीन वर्षांनी तोच लोड, तेच पंखे, रेडिएटर साफ आणि तरी फरक सात-आठ अंशांनी वाढला, तर पेस्ट बदलून बघा. त्यानेही नाही सुधारलं तर पाणी कमी झालंय किंवा पंप थकलाय. वॉरंटीत असताना हे कळलं पाहिजे.

गिरणाकाठ (धागाकर्ता)

हे सगळं उतरवून घेतलं. ऑर्डर दिली, बिलावर सिरियल नंबर मागितला आहे. बसवल्यावर त्याच सीनचे आकडे इथे टाकतो, खोलीच्या तापमानासकट.

पंचगंगा

धागा छान चाललाय, त्यातच विचारतो. कोल्हापूर, रायझन ७ ७८००एक्स३डी, फक्त गेमिंग. दुकानदार २४० एआयओ घ्याच म्हणतोय. घेऊ का?

लॅमिंग्टनकर

गरज नाही. हा प्रोसेसर गेममध्ये बहुतेक वेळ ८० वॅटच्या आतच असतो. त्याची मर्यादा ८९ अंशांची आहे, पण दुहेरी टॉवर त्याला तिथे पोचू देत नाही. पीअरलेस असॅसिन १२० एसईची उंची १५५ मिमी आहे, केसचं झाकण लागतं का तेवढं बघा आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला.